चारकोपमधल्या सुट्या भागांच्या दुकानाला काय हवं: वेबसाइट की चोख सेवा?

कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये एका बाजूला शासकीय औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या बाजूला म्हाडाच्या सेक्टरांमधली घरं. बेअरिंग, कार्बन ब्रश, मिक्सरचं कपलर विकणाऱ्याचं गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर आहे. मग त्याने वेबसाइटवर पैसे घालावेत का?

वेबसाइटने काय मिळतं?
दुकान ऑनलाइन सापडतं. पण तेवढ्यासाठी गूगल मॅपवरची मोफत नोंदही पुरते. वेबसाइटला डोमेन आणि होस्टिंगचा दरवर्षीचा खर्च येतो. दर आणि साठाही सतत अपडेट ठेवावा लागतो.

खरी अडचण कुठे आहे?
गिऱ्हाइकाला भागाचं नावच माहीत नसतं. 'वॉशिंग मशीनचं ते गोल रबर' एवढंच तो सांगतो. मॉडेल नंबर विचारणं, जुना तुकडा मोजणं, हे काम दुकानदाराचंच. चुकीचा भाग पाठवला, तर परतीच्या कुरिअरमध्येच नफा जातो.

नियम काय सांगतात?
वेबसाइटवरून विक्री सुरू केली की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. म्हणजे वेबसाइट घेतली तरी सेवेतून सुटका नाहीच.

मग आधी काय करावं?
गूगलवर नोंद, व्हॉट्सॲपवर फोटो पाहून लगेच उत्तर आणि चुकीचा भाग बदलून देण्याची हमी. चारकोपबाहेरून रोज फोटो येऊ लागले, की वेबसाइटचा खर्च वसूल होईल.