हौसेलाही मोल असते

‘हौसेला मोल नसते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या खिशात त्या दिवशी पुरेसे पैसे असले पाहिजेत. आमच्या घरी हौसेला मोल होते, आणि गेल्या पावसाळ्यात ते नेमके ९०० रुपये होते. भातलावणीच्या तीन दिवसांची ती माझी मजुरी. धाकटा भाऊ दहावी पास झाला म्हणून त्या पैशांतून मला त्याच्यासाठी हेडफोन घ्यायचा होता.

विषय वाचून काही वाचक हसतील हे मी गृहीत धरले आहे. वार्षिकांकात लिहायला बेकारी आहे, शेतमालाचे भाव आहेत, स्त्रियांचे प्रश्न आहेत. ते सोडून हेडफोनवर काय लिहायचे? शिवाय आमचे एक सर वर्गात म्हणालेच होते, ‘‘तुमच्या पिढीच्या कानांत बोंडे आणि डोक्यात सरकी!’’ वर्ग हसला, मीही हसले. परंतु संध्याकाळी भोरच्या स्टँडवर मुक्कामी गाडीची वाट पाहताना त्या बोंडांकडे पाहत राहिले आणि वाटले, की सरांना उत्तर द्यावे. तोंडी देण्याचे धाडस नाही, म्हणून लेखी देत आहे. गुरुजनांनी क्षमा करावी.

आधी माझी चूक सांगते. निकाल लागला त्या दिवशी भाऊ म्हणाला, ‘‘ताई, मला कानातलं पाहिजे.’’ आई चुलीपुढून दचकून वळली. तिच्या लेखी कानातले म्हणजे एकच वस्तू आणि ती मुलीची! तिला समजावण्यात दहा मिनिटे गेली. मी बाजारातून दीडशे रुपयांची साधी काळी तार आणली आणि सोबत ‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ यावर छोटेसे व्याख्यानही दिले. आठ दिवसांनी ती तार खुंटीवर, छत्रीशेजारी लटकलेली दिसली. विचारले तर बोलेना. मग म्हणाला, ‘‘वाजतंय चांगलं. पण वर्गात नाय काढत मी.’’

मला एकदम माझे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तके न्यायला घरात एक कापडी पिशवी होती, बियाण्याच्या कंपनीने शेतकऱ्यांना वाटलेली. पिशवी भक्कम होती, चार पुस्तके आणि डबा सहज मावत असे; उपयुक्ततेच्या कसोटीवर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तरीही वर्षभर मी तिची छापील बाजू अंगाकडे वळवून चालले. पावसाने पिशवी भिजली आणि तिचा हिरवा रंग माझ्या पांढऱ्या ओढणीला लागला, त्या दिवशी मी दोन तास प्रसाधनगृहाजवळच्या जिन्यात बसून काढले. त्यातला एक तास मराठीचा होता, तो अजून भरून निघालेला नाही.

तेव्हा स्वस्त वस्तू देखणीही असावी असे एखाद्या मुलाला वाटले, तर त्याला आपण चैन का म्हणतो? ज्याच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्याने झिजलेली चप्पल घातली तर तो साधा ठरतो. आम्ही घातली तर आम्ही गरीब ठरतो. साधेपणा मिरवायलाही आधी थोडी ऐपत लागते. पंधरा-सोळा वर्षांचे पोर घाटाकडच्या वाडीतून येते, बोलताना ‘नाय’ आणि ‘हाय’ म्हणते, त्यावर शेजारचा हसतो. बोली त्याला एका दिवसात बदलता येत नाही, बदलूही नये. पण कानातली तार बदलता येते.

आणि हौस काय आमच्याच पिढीने शोधून काढली? माझे आजोबा तरुणपणी मुंबईला कामाला होते. तेथून त्यांनी ट्रान्झिस्टर आणला. त्याला भोकाभोकांचे चामडी कव्हर होते, आणि आजीने वर क्रोशाचा झबलेवजा अंगरखा विणला होता. आजोबा तो खांद्याला अडकवून जत्रेत फिरत. बातम्या घरी बसूनही ऐकता आल्या असत्या! त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. पैसे भरून, रांगेत उभे राहून केलेली हौस होती ती. तिला आज आम्ही ‘जुनी आठवण’ म्हणून फळीवर मानाने ठेवतो.

येथपर्यंत मी भावाच्या बाजूने बोलले. आता त्याच्या विरुद्ध बोलते, कारण हे प्रकरण कानाचे आहे.

आमचे आण्णा शिरवळकडच्या एका कारखान्यात बरीच वर्षे प्रेस मशीनवर होते. मोठा आवाज कानाला जे करतो ते दिसत नाही. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणून आण्णांना कोणी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते ते उमगत नाही. दुसऱ्या आण्णांशी, म्हणजे चुलत्यांशी, ते नीट बोलतात; आईचा आवाज मात्र त्यांना पुसट येतो. आई म्हणते, ‘‘माझंच बरं ऐकू येत न्हाय!’’ आम्ही हसतो. पण ती एक वाक्य दोनदा म्हणण्याऐवजी अलीकडे एकदाही म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आले आहे.

कारखान्याचा आवाज आण्णांनी पगारासाठी सोसला. तोच आवाज आपण पैसे मोजून विकत घ्यावा काय? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो; ९० डेसिबलचा फक्त ४ तास; आणि १०० डेसिबलचा आठवड्यात अवघी २० मिनिटे. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच येते. आकडा दहाने वाढला की वेळ साधारण दहापट घटतो. आता आपली एस.टी. आठवा. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, त्यात वरंध घाटाची चढण. कानात नीट न बसणारी तार असेल तर बाहेरचे सगळे आत येते, आणि ते बुडवण्यासाठी अंगठा आपोआप आवाज वाढवत जातो. म्हणजे कानात घट्ट बसणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही. माझी दीडशेची तार येथेही नापासच होती. तिची कडक प्लॅस्टिकची बोंडे भावाच्या कानातून सारखी गळत. तिला साधेपणाचे प्रशस्तिपत्र देऊन मी मोकळी झाले होते.

तेव्हा लावणीचे पैसे हातात आल्यावर मी भावालाच बरोबर घेतले. भेट गुपचूप द्यावी असा संकेत आहे खरा, पण या वयाच्या मुलांसाठी तो मोडावा असे माझे मत झाले आहे. आपण त्यांच्या आवडीचा अंदाज बांधतो तो आपल्या आवडीवरून. स्वारगेटला उतरून मंडईवरून चालत बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाला बाहेरूनच हात जोडले आणि तपकीर गल्लीत शिरलो. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची ती गल्ली म्हणजे एक मोठे उघडे कपाटच. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, आणि हेडफोन तर तोरणासारखे टांगलेले.

पहिल्याच दुकानात फसणार होतो. नामांकित कंपनीच्या नावात एका अक्षराचा फरक केलेली पेटी आमच्यापुढे आली, किंमत निम्मी. ‘बोट’ या आपल्याकडच्या कंपनीने २०१६पासून हेडफोन ही मिरवण्याची वस्तू केली, आणि जे मिरवले जाते त्याची नक्कल होणारच. मी पेटी उलटी केली. बंद पेटीवर तयार करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या पेटीवर नुसता एक चमकदार सिंह होता! बी.ए.ला आपण काय शिकतो असे विचारणाऱ्यांना सांगते: पेटीची मागची बाजू वाचायला शिकतो.

पुढच्या दुकानात भावाने बिनतारी, पांढऱ्या डबीतले उचलले. अकराशे. माझ्याकडे पाहून त्याने ते परत ठेवले, आणि ते परत ठेवताना डबी दोनदा उघडझाप केली, ते मला पाहवले नाही. मी माझी बाजू मांडली: बिनतारीच्या पोटात बॅटरी, ती दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेकांत बदलताही येत नाही. आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. चिखलात एक बोंड पडले तर उरलेले शोभेला. घरातल्या फोनला तारेचे गोल भोक अजून आहे. नव्या पुष्कळ फोनांना ते नसते, म्हणून घेणाऱ्याने आधी फोन पाहावा. तो म्हणाला, ‘‘तार चालंल. पण काळी नको.’’

मग तासभर शोध. अखेर विटकरी रंगाची, फितीसारख्या चपट्या तारेची जोडी सापडली. बोंडांना धातूची चकाकी, सोबत रबराच्या तीन मापांच्या टोप्या, वर्षाची हमी, किंमत ५४९. भावाने ती कानाला लावली आणि प्रथम काय केले असेल? आरशात पाहिले. मान डावीकडे, मान उजवीकडे. गाणे नंतर लावले. दुकानदार मिश्कील हसला. मला मात्र हसू आले नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही असा एखादा आरसा हवा होता.

उरलेल्या पैशांत दोन वडापाव, तिकिटे, आणि आईला बांगड्या झाल्या. परतीच्या गाडीत एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला हेडफोनची भोके दोन ठेवली होती. एकट्यानेच ऐकणे लोकांना शिष्टपणाचे वाटेल अशी शंका कंपनीच्या अकिओ मोरिता यांना आली होती. एक नारिंगी बटणही होते; ते दाबले की गाणे हळू होई आणि दोघांना बोलता येई. पुढे ती सोय गेली. आमचे सर ज्या बोंडांवर रागावतात त्यांची शंका बोंडे करणाऱ्यालाच आधी आली होती, एवढे त्यांच्या बाजूने मान्य करते.

पण सर, आमचे घर दोन खोल्यांचे आहे. माणसे सहा. आण्णांसाठी टी.व्ही. मोठा लागतो, तो बंद करा असे त्यांना कोण सांगणार? भाऊ त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून गणिताचे तास ऐकतो. तुमच्या घरी मुलांना दार लावून घेता येते. आमच्याकडे दार म्हणजे ती विटकरी तार. तो ती लावतो तेव्हा घरापासून दूर जात नाही. घरात राहूनच त्याला थोडी जागा मिळते. आवाज पट्टीच्या साठ टक्क्यांवर न्यायचा नाही, हा करार आमच्यात झाला आहे. तो किती पाळतो हे मी विचारत नाही. मधूनमधून त्याच्या शेजारी जाऊन बसते. मला शेजारी बसून गाणे ऐकू आले, तर मी काही न बोलता त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारते.

नारळी पौर्णिमेला राखी बांधल्यावर भावाने ती जोडी आण्णांच्या कानाला लावली. आण्णा आधी नको म्हणाले, मग ताठ बसले, जसे फोटोला बसतात. भावाने त्यांच्या आवडीचे भजन लावले. आण्णा भिंतीकडे पाहत राहिले. भावाने आवाज वाढवला. मला पलीकडून टाळ ऐकू येऊ लागले. मी टिचकी मारायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

‘‘येतंय का?’’ भावाने ओरडून विचारले.

‘‘बारीक येतंय रं,’’ आण्णा म्हणाले.

पट्टी शेवटाला गेलेली होती.