प्रश्नावलीबाहेरचा कामगार

कामाच्या ठिकाणची संस्कृती, संघभावना आणि वाटाघाट हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत फार मानाचा झाला आहे. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन कारखान्यात जातात, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतच्या रकान्यांत खुणा करून घेतात, टक्केवारी काढतात आणि प्रबंध बांधून विद्यापीठाला सादर करतात. या खटाटोपाची चेष्टा करण्याचे कारण नाही. माणसे एकत्र कशी राबतात आणि आपसांतले व मालकाशी असलेले मतभेद कसे मिटवतात, हा श्रमिक चळवळीच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. मात्र ती प्रश्नावली कोणाच्या हाती पडते आणि कोणाच्या पडत नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

या विद्याशाखेत डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आय. बी. एम. या एकाच बहुराष्ट्रीय कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांची १९६७ ते १९७३ या काळात जी पाहणी झाली, तिच्या आधारे त्यांनी १९८० साली आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘सत्ता-अंतर’ नावाच्या मापावर भारताला ७७ गुण मिळाले. म्हणजे येथील माणूस वरिष्ठ-कनिष्ठ ही उतरंड इतरांच्या मानाने अधिक मुकाट्याने मान्य करतो, असा निष्कर्ष निघाला. खुद्द ती कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली. ७७ हा आकडा मात्र मागे राहिला आणि प्रबंधामागून प्रबंधात उतरवला जात आहे. यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीतील नोकरवर्ग म्हणजे भारत, हे गृहीत धरण्यास विद्वत्तेपेक्षा धाडसच अधिक लागते.

या आकड्याची खातरजमा करावयाची तर धरमतरच्या खाडीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या मधून वाहणाऱ्या या खाडीच्या पलीकडे, पोयनाडच्या परिसरात चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. पंचवीस गावे त्यात उतरली आणि संप १९३९ सालापर्यंत चालला. सहा वर्षे भातशेती ओस पडली; लाकूडफाटा विकून, खाडीत मासे पकडून माणसांनी दिवस काढले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. पुढे १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला आणि १९४९ साली खोती रद्द करणारा. वरिष्ठांपुढे मान तुकवणे हा ज्यांचा स्वभावधर्म, त्यांनी हे केले काय? वाटाघाटीच्या पाठ्यपुस्तकांत, बोलणी फिसकटल्यास आपल्याजवळ दुसरा कोणता मार्ग आहे याला फार महत्त्व दिलेले असते. चरीच्या कुळांजवळ तो मार्ग म्हणजे डोक्यावरची मोळी होती.

ही एकजूट एका सभेत निर्माण झालेली नसावी. या खारेपाटात समुद्राचे पाणी अडवून शेती होते. मातीचा बांध, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बंद होणारी उघाडी, आणि त्या बांधाच्या आत ज्यांची ज्यांची शेते आहेत त्यांचा ‘जोळ’, अशी ती पूर्वापार व्यवस्था. उधाणाने बांधाला खांड पडली की आपले-परके न पाहता घमेले-फावडे घेऊन सर्वांनी चिखलात उतरायचे. कारण एकाच्या शेताशी फुटलेला बांध सर्वांच्या भातात खारे पाणी घेऊन येतो. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर बांधांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेली, तसा जोळ क्षीण होत गेला. जोळातील ही सवय आणि संपातील चिकाटी यांचा संबंध किती, हे एखाद्या विद्यार्थ्याने वृद्ध शेतकऱ्यांपाशी बसून शोधावे. संघभावनेची शिबिरे डोंगरावरच्या हॉटेलात भरवण्यापेक्षा त्यातून काही हाती लागेल.

अर्थात श्रमिकांची संस्कृती तेवढी निर्मळ, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जी वस्तुस्थिती मांडली, ती संघटनांनाही झोंबणारी होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खाते दलितांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. जास्त मजुरीचे खाते अशा रीतीने मालकाने नव्हे, सहकाऱ्यांनीच अडवले होते. ‘तुमच्या चमूत परस्परविश्वास आहे काय?’ या प्रश्नाला त्या खात्यातून शंभर टक्के होकार मिळाला असता.

आज धरमतरच्या धक्क्यावर बार्जमधून लोहखनिज आणि कोळसा उतरतो. शेजारी डोलवीला पोलादाचा कारखाना उभा आहे. त्याची वार्षिक क्षमता पन्नास लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली आहे. देशभरच्या कारखान्यांची जी वार्षिक उद्योग पाहणी होते, तिच्यानुसार पाचांपैकी सुमारे दोन कामगार कंत्राटी आहेत. एकाच पाळीत, एकाच यंत्रापाशी दोन माणसे उभी असतात. एक कंपनीच्या हजेरीपटावर, दुसरा ठेकेदाराच्या. संस्कृतीची प्रश्नावली पहिल्याला मिळते.

वाटाघाटीचेही तेच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटनेलाच बोलण्याचा अधिकार दिला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात कामगार एका बाजूला आणि कायद्याने ठरवलेला त्यांचा प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, हे दृश्य मुंबईने पाहिले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीस पात्र ठरते. तो हजेरीपट कोणाचा, हाच तर प्रश्न आहे. ठेकेदाराचा माणूस त्या मोजणीत येत नसेल, तर अर्ध्या पाळीच्या वतीने बोलणारे कोणीच टेबलाशी नाही.

कामगार संघटनांनी विद्यार्थ्यांना फाटकावरून परत पाठवू नये. त्यांना वाडी-पाड्यांवर न्यावे, ठेकेदारांची नावे व पगाराच्या पावत्या दाखवाव्यात, रात्रपाळी सुटल्यावर वडखळच्या नाक्यावर चहाला थांबणाऱ्या माणसांशी गाठ घालून द्यावी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याने एवढे लिहावे: या कारखान्यात हजेरीपट किती आहेत, आणि त्यांपैकी किती पाहावयास मिळाले.