निश्चय आणि बंदोबस्त

धूम्रपानाचा त्याग हा आपल्याकडे शीलपरीक्षेचा विषय मानला जातो. ज्याने विडी सोडली तो मनाचा खंबीर आणि ज्याला ती सोडवली नाही तो कच्च्या दिलाचा, असा निकाल चारचौघांत सहज दिला जातो, आणि विशेष हे की तो खुद्द विडी ओढणारालाही मान्य असतो. गुढीपाडवा, मुलाचा जन्म, वडिलांचे आजारपण असा एखादा मुहूर्त गाठून तो निश्चय करतो, आठवड्याच्या आत तो मोडतो, आणि मोडल्याचे खापर स्वतःच्या स्वभावावर फोडून पुन्हा टपरीची वाट धरतो. माझ्या मते येथे कसोटीच चुकीची लावली जाते. जे लोक या व्यसनातून कायमचे मुक्त झाले त्यांच्या यशाची मीमांसा केली असता मनोनिग्रहाचा वाटा वाटतो त्याहून पुष्कळ कमी आणि आगाऊ केलेल्या बंदोबस्ताचा वाटा पुष्कळ अधिक आढळतो.

या व्यसनाची घडणच अशी आहे की नुसत्या निग्रहाने त्यापुढे फार काळ टिकाव धरणे दुर्घट व्हावे. झुरक्यासरशी निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचा अंश सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतो. म्हणजे शरीर आपली मागणी दिवसभर नव्याने दाखल करीत राहते, आणि सकाळचा चहा, जेवणानंतरची शतपावली, कचेरीतली मधली सुट्टी हे सारे प्रसंग त्या मागणीच्या बाजूने साक्षीस उभे राहतात. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश ही लक्षणे पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळात कोणतेही साहाय्य न घेता जे उभे राहतात, त्यांच्यापैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारांचे प्रमाण शेकडा तीन ते पाच इतकेच भरते. काकांनी एका दिवसात सिगारेट टाकली ती पुन्हा शिवली नाही, असा दाखला पुष्कळ घरांत मिळतो व तो खराही असतो. परंतु त्या दिवसापूर्वीचे फसलेले दिवस कोणाच्या स्मरणात राहत नाहीत.

बंदोबस्ताचे पहिले कलम म्हणजे तारीख. इतालो स्वेवो या इटालियन लेखकाच्या 1923 सालच्या कादंबरीचा नायक झेनो आपल्या ‘शेवटच्या सिगारेटी’च्या तारखा टिपून ठेवीत राहतो, आणि शेवटची म्हणूनच ती त्याला अधिक गोड लागते. त्याच्यापाशी तारखा उदंड होत्या, तारखेनंतरची तजवीज मात्र नव्हती. हळूहळू कमी करावी की एकदम सोडावी, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना औषध व सल्ला मिळालेला असताना चार आठवड्यांनंतर एकदम सोडणारांपैकी शेकडा 49, तर हळूहळू कमी करणारांपैकी शेकडा 39 जण धूम्रपानापासून दूर होते. तेव्हा आठ-पंधरा दिवस पुढचा एक दिवस मुक्रर करावा, घरातली पाकिटे व लायटर तत्पूर्वीच बाहेर काढावेत, आणि तलफ ज्या वेळी हटकून येते त्या वेळेचा क्रमच बदलून टाकावा.

दुसरे कलम औषधाचे. औषध घेणे म्हणजे पराभवाची कबुली, हा समज जितका रूढ तितकाच घातक आहे. पाणबुडीत धूम्रपानाची मुभा नसल्याने खलाशी तोंडात तंबाखू धरून तलफ भागवितात, या निरीक्षणावरून स्वीडनमध्ये 1960 नंतरच्या दशकात ओव्ह फेर्न्यो या रसायनज्ञाने निकोटिनच्या च्युइंगमवर काम आरंभिले. धूर वगळून तेवढे निकोटिन घटत्या प्रमाणात देत राहावे, हे त्यामागील तत्त्व होय. हे च्युइंगम सारखे चघळायचे नसते. थोडे चावून तोंड चुणचुणू लागले की गाल व हिरडी यांमध्ये धरून ठेवायचे असते, आणि तंबाखूची चिमूट गालात धरण्यात तरबेज असलेल्या महाराष्ट्राला ही रीत शिकवावी लागू नये. त्वचेवर लावायची पट्टी आणि हे च्युइंगम यांचा एकत्र उपयोग एकट्या उपायाहून अधिक गुणकारी ठरतो. व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन ही औषधे मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखूचे सेवन करणारे प्रौढ शेकडा 26 हून अधिक असून त्यांतील बहुसंख्यांची तंबाखू धुराविनाच पोटात जाते. विडी टाकून तंबाखू मळू लागलेल्या किंवा मिश्री लावू लागलेल्या माणसाने व्यसन सोडलेले नसते, त्याची फक्त बदली झालेली असते.

तिसरे कलम माणसांचे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अध्ययनातून 2008 साली असे दाखविण्यात आले की पती-पत्नींपैकी एकाने धूम्रपान सोडल्यास दुसऱ्याच्या धूम्रपानाची शक्यता दोन-तृतीयांशाने घटते, आणि माणसे बहुधा मित्रमंडळासकट हे व्यसन सोडतात. आपल्याला यात नवल वाटू नये. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याला मांस-मद्याचा आग्रह गावात कोणी करीत नाही, त्यामुळे प्रत्येक पंगतीत निग्रह नव्याने सिद्ध करण्याचे त्याला कारणच उरत नाही. तंबाखूच्या बाबतीत तीच माळ बहुधा डोळेझाक करते, हा भाग वेगळा. सोडण्याचा दिवस गुप्त ठेवण्यात, म्हणजे फजितीची तरतूद आधीच करून ठेवण्यात, शहाणपण नाही. तो घरी, कचेरीत आणि विशेषतः ज्यांच्याबरोबर झुरके मारले त्या सोबत्यांना सांगावा.

‘आता या वयात काय उपयोग?’ ही सबब पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. ब्रिटिश डॉक्टरांच्या ज्या गटाचा मागोवा रिचर्ड डॉल यांनी 1951 पासून अर्धशतक घेतला, त्याचे उत्तर स्पष्ट आहे: साठाव्या वर्षी सोडणारास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते.

आता शासनाच्या व समाजाच्या जबाबदारीविषयी. लंडनमधील 1979 सालच्या एका अध्ययनात, कौटुंबिक डॉक्टरांनी रुग्णांना सोडण्याचा सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि पुढे चौकशी करू असे बजावले, एवढ्यावरच वर्षभर धूम्रपान सोडणारांचे प्रमाण शेकडा 0.3 वरून 5.1 वर गेले. इतक्या स्वस्त उपायाचा आपण पुरता उपयोग करीत नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत डॉक्टरांकडे गेलेल्या धूम्रपायींपैकी निम्म्यांनाही असा सल्ला मिळालेला नव्हता. महाराष्ट्राने 2020 साली सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीस बंदी केली आणि 1800-11-2356 हा निःशुल्क साहाय्य-क्रमांक 2018 पासून पाकिटावर छापला जातो, या दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. परंतु निषेधाचे फर्मान काढणे सोपे आणि साहाय्याची तरतूद करणे खर्चाचे असते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व नगरपालिकेच्या दवाखान्यात निकोटिनच्या पट्ट्या व च्युइंगम मोफत असावे, प्रत्येक रुग्णाला तंबाखूविषयी विचारण्याचा दंडक असावा, आणि तारीख ठरविणाऱ्याची विचारपूस निदान महिनाभर कोणीतरी करावी. ज्याचा प्रयत्न पाच वेळा फसला आहे त्याला उपदेशाची सहावी आवृत्ती ऐकविण्यापेक्षा ही तजवीज करून देणे अधिक न्याय्य होईल, आणि तिजोरीला ते कर्करोगाच्या एका इस्पितळापेक्षा खचितच स्वस्त पडेल.