वानप्रस्थ की वारी?

उघड्या आकाशाखाली राहणारा वृद्ध माणूस आपल्या साहित्याने प्रामुख्याने दोन रूपांत पाहिला आहे. एक, घर आपण होऊन सोडून गेलेला. दुसरा, घराबाहेर काढला गेलेला. पहिल्याला आपण वानप्रस्थी म्हणतो आणि नमस्कार करतो. दुसऱ्यासाठी डोळे पुसतो. परंतु जो स्वखुशीने निघतो, आठ दिवस माळावर राहतो, नातवंडाच्या वाढदिवसाला घरी येतो आणि पंगत उठल्यावर पुन्हा वाटेला लागतो, त्या तिसऱ्या वृद्धाची दखल आपल्या समीक्षेने नीटशी घेतलेली नाही. ही केवळ पेन्शनरांची हौस, हिच्यात वाङ्मयाला विषय तो काय, असे मानण्याकडे आपला कल असतो. हा कल तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आमचे मत आहे.

प्रश्न आम्हांला का पडला, हे सांगणे भाग आहे. साहित्याच्या अध्यापनातून निवृत्त झालेले आम्ही उभयता आता दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. झोपायला फळी, शिजवायला गॅसची शेगडी आणि पाण्याची दोन पिंपे एवढाच संसार असलेली एक जुनी व्हॅन आमच्यापाशी आहे. २०२५ चा चैत्र आम्ही तिच्यात काढला. म्हणजे असे की, ३० मार्चला लेकीच्या घरी गुढी उभारली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. आन्झा-बोरेगोच्या वाळवंटात राहिलो. मग घरातल्या ज्येष्ठ काकूंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी परतलो. पुन्हा निघालो, तो जोशुआ ट्रीच्या खडकांत तळ दिला. तेथून नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आलो. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, व्हॅन धुऊन दारात उभी केली. महिन्याचे निम्मे दिवस रानात आणि निम्मे गोतावळ्यात गेले. हा प्रवास होता, की सणवार, की निवृत्तीतला वेळ घालवणे? ज्या नावाने पाहावे त्या नावात तो मावेना.

आधी शास्त्र पाहू. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनात जाण्याची वेळ मोठ्या नेमकेपणाने सांगितली आहे. अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय घ्यावा. नातवंडाचे तोंड पाहणे ही येथे निघण्याची खूण आहे. वंश पुढे चालला, तुमचे काम संपले. आमच्या चैत्रात हीच खूण उलटी झाली. नातीचे तोंड हे परत येण्याचे कारण ठरले. शास्त्राची आज्ञा मोडली, एवढाच याचा अर्थ काढून थांबता येत नाही, कारण खुद्द महाभारतालाही ही आज्ञा कोरडेपणाने पाळणे जमलेले नाही. आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात जातात. पण पांडवांना राहवत नाही. ते सारा परिवार घेऊन त्यांना भेटायला जातात, तेथे मुक्काम करतात; आणि व्यासांच्या सामर्थ्याने युद्धात मेलेले सगळे एका रात्रीपुरते भागीरथीच्या पाण्यातून वर येतात. आयांना मुलगे भेटतात, स्त्रियांना पती भेटतात. आमच्या मते महाभारतातील हे सर्वांत मोठे कौटुंबिक संमेलन, आणि ते राजवाड्यात होत नाही, वृद्धांच्या रानातल्या तळावर होते. इरावती कर्वे यांना ‘युगान्त’मध्ये गांधारीवर लिहिताना हे वनातले दिवसच महत्त्वाचे वाटावेत, हे उगीच नव्हे. तरीही परंपरेच्या स्मरणात राहिले ते जाणे आणि पुढचा वणवा. भेट मागे पडली.

दुसरी बाजू हाकलल्या गेलेल्यांची. लिअरची मूळ योजना काय होती, हे वर्गात शिकवताना आपण घाईने ओलांडतो. राज्य वाटून दिल्यावर त्याला एकेका मुलीकडे एकेक महिना, आळीपाळीने राहायचे होते. म्हणजे जाणे-येणे हाच त्याच्याही निवृत्तीचा बेत होता. तो फसला, कारण देण्यासारखे सर्व त्याने आधीच देऊन टाकले होते. मग वादळातला माळ त्याच्या वाट्याला आला. ‘नटसम्राट’मधल्या (१९७०) अप्पासाहेब बेलवलकरांचेही तेच. सर्वस्व मुलांना वाटून टाकायचे, मग त्यांच्या घरी राहायचे आणि अखेर फुटपाथ. मराठी मध्यमवर्गाच्या मनावर या नाटकाचा ठसा इतका खोल आहे, की निवृत्त जोडपे उघड्यावर दिसले की त्याला मुलांनी काढले असणार, हाच पहिला तर्क होतो. कायद्यालाही या शोकांतिकेची दखल घ्यावी लागली. पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये आपल्याकडे केंद्रीय कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मागण्याची सोय त्याच्या २३ व्या कलमात आहे. लिअरला हे कलम उपलब्ध असते तर नाटक दुसऱ्या अंकात न्यायाधिकरणापुढे गेले असते!

आता अमेरिकेकडे वळू, कारण व्हॅनमधले वृद्धत्व हा मुळात तिथला विषय. जॉन स्टाइनबेक १९६० च्या शरदात, वयाच्या ५८ व्या वर्षी, ट्रकवर छोटी खोली चढवून देश पाहायला निघाला. गाडीचे नाव डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवले आणि सोबतीला चार्ली हा कुत्रा घेतला. १९६२ मध्ये निघालेल्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ने एकाकी, मोकळ्या, रस्त्यावरच्या प्रौढाची प्रतिमा पक्की केली. पुढे २०११ मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने त्या मार्गाचा माग काढून दाखवून दिले, की स्टाइनबेकच्या पुष्कळ रात्री हॉटेलांत गेल्या होत्या आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात पत्नी इलेन त्याच्याबरोबर होती. या शोधाची चर्चा ‘लेखकाने थाप मारली’ एवढ्यावरच रेंगाळली. आम्हांला त्यातला वाङ्मयीन मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. बायकोला पुस्तकात एवढीशीच जागा का मिळाली? कारण रस्त्याच्या पुस्तकाचा घाटच एकट्या पुरुषाचा आहे. कुटुंब आत आले की घाट बिघडतो. आयुष्यात जे होते ते साहित्यप्रकाराने कापून टाकले.

‘नोमॅडलँड’चेही पाहा. जेसिका ब्रुडरच्या २०१७ च्या पुस्तकात २००८ च्या मंदीनंतर घरे गमावून व्हॅनमध्ये राहणारे, हंगामी मजुरी करणारे वयस्क लोक आहेत. त्यावरून क्लोई झाओ हिने केलेल्या २०२० च्या चित्रपटात डेव्ह आपल्या मुलाच्या घरी, नातवाजवळ राहायला जातो. नायिका फर्न तिथे सणाला येते, सगळे तिला राहण्याचा आग्रह करतात आणि ती पहाटे कोणाला न सांगता निघून जाते. चित्रपट उत्तम आहे. २०२१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर त्याला मिळाला तो योग्यच. पण पर्याय पुन्हा दोनच उरतात. घर किंवा रस्ता. डेव्ह घरात विरघळतो, फर्न रस्त्यावर. आठवडाभर राहून मग निघणारे पात्र तिथेही नाही.

हे तिसरे पात्र मराठीला मात्र अपरिचित नाही. आपण त्याला भलत्याच कप्प्यात ठेवले आहे. ‘वारी’ या शब्दातच पुन्हापुन्हा जाणे-येणे आहे. वारकरी संसार सोडत नाही. पेरणीची कामे उरकून तो निघतो आणि एकादशी झाली की घरी परततो. आळंदी-पंढरपूर वाटेवर वयस्क माणसे, विशेषतः वयस्क स्त्रिया, मोठ्या संख्येने असतात. दिंडीचा ट्रक तंबू, भांडी आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाला जातो. तळावर बिऱ्हाड मांडण्याची ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि चैत्र तर चैत्रगौरीचा महिना. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, झोपाळ्यावर बसते, आंब्याची डाळ आणि पन्हे यांनी तिचे कौतुक होते आणि अक्षय्य तृतीयेला ती परत जाते. महिनाभर राहायचे आणि मग जायचे, यात तिला कोणी पळपुटी म्हणत नाही, की हाकलली असेही म्हणत नाही. येणे आणि जाणे या दोन्हींना मान असलेले हे रूप आपल्याकडे माहेरवाशिणीचे आहे. जात्यावरच्या ओव्यांचा केवढा तरी भाग या येण्याजाण्यावर उभा आहे. वृद्धत्वाचा विचार करताना आपण मनूकडे आणि लिअरकडे धावलो, ओव्यांकडे गेलो नाही. निवृत्त माणसाने वानप्रस्थी होण्यापेक्षा माहेरवाशीण व्हावे, असे आम्ही म्हटले तर वाचक हसतील. पण आमचे म्हणणे तेच आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला पैशाचा. ही चैन पेन्शन असणाऱ्यांची, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. अमेरिकेत बासष्टी ओलांडलेल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. ऑगस्ट २०१७ पर्यंत दहा डॉलरांना मिळणारा हा पास नंतर ऐंशी डॉलरांचा झाला. तो असला की केंद्र सरकारच्या पुष्कळ तळांवर निम्मे भाडे पडते. त्याच तळावर शेजारच्या व्हॅनमध्ये, भाडे परवडत नाही म्हणून राहणारी आमच्याच वयाची बाई असू शकते. दोन्ही व्हॅन सारख्याच दिसतात. फरक असतो तो मागच्या दाराचा. आम्हांला परतायला घर आहे, तिला नाही. म्हणूनच ‘रस्त्यावरचे स्वातंत्र्य’ या शब्दांवर भाळणाऱ्या लेखनाला वाचकाने एकच प्रश्न विचारावा. या माणसाला परत जाता येते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते स्वातंत्र्याचे लेखन नव्हे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो घरचाच असतो. आजी-आजोबा रिकामे आहेत, मग रानात कशाला, नात सांभाळायला का नको? परदेशातील मराठी कुटुंबांत निवृत्त आईवडिलांचा वेळ हा कुटुंबाच्या मालकीचा मानला जातो. बाळंतपणासाठी सहा महिने, पाळणाघर मिळेपर्यंत आणखी काही महिने. त्यातला आनंद आम्ही नाकारत नाही. तो आम्ही घेतला आहे. पण ज्या प्रेमाला निघण्याची मुभा नसते ते हळूहळू नोकरीसारखे होते, हेही आम्ही पाहिले आहे. याच संदर्भात मनूचा एक तपशील ध्यानात घ्यावा. वनात जाताना पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन मार्ग तो पुरुषाला देतो. तिला काय हवे, हा प्रश्नच त्या वाक्यात नाही. व्हॅनमध्ये शेगडी एकच असते. तिच्यापुढे रोज कोण बसते, यावर त्या संसाराची निवृत्ती खरी की खोटी ते ठरते. आमच्याकडे पाळ्या आहेत.

या साऱ्याला वेळेची धार आहे. कॅलिफोर्नियात सत्तरीनंतर वाहनपरवान्याच्या नूतनीकरणासाठी जातीने हजर राहून दृष्टीची तपासणी द्यावी लागते. एक दिवस ती अक्षरे वाचता येणार नाहीत. काकूंच्या निमित्ताने आम्ही हिशेब मांडला होता. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे दहा महिने. १२ एप्रिलची चैत्री पौर्णिमा आम्ही बोरेगो स्प्रिंग्सजवळ पाहिली. रात्रीचा अंधार जपणारे गाव म्हणून २००९ पासून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, आणि त्या रात्री चंद्रामुळे तिथे तारे जेमतेम दिसत होते. उरलेल्या पौर्णिमांपैकी किती रानात आणि किती घरात, हे ठरवण्याचा अधिकार माणसाकडे शेवटपर्यंत राहावा, एवढेच आमचे मागणे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांकडे मागणे थोडे अधिक आहे. वृद्धत्वावरचे लेखन शिकवताना त्याग आणि हकालपट्टी या दोन खुंट्यांना सर्व काही टांगणे आता पुरे झाले. वारीविषयीचे लेखन, माहेरच्या ओव्या, निवृत्तांच्या दैनंदिन्या आणि पत्रे पुन्हा काढावीत आणि त्यांत परतण्याच्या जागा शोधाव्यात. कोण परत आले, कोणी दार उघडले, पुन्हा निघताना कोणाला वाईट वाटले आणि तरी कोणी अडवले नाही. इथून पुढच्या कथा-कादंबऱ्यांचा बराच ऐवज या प्रश्नांत आहे, अशी आमची समजूत आहे. मतभेद असणाऱ्यांनी ते अवश्य मांडावेत.