उगारलेला हात

उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका वृद्धाश्रमात माझ्या आत्याबाई अखेरची दोन वर्षे राहिल्या. अध्यापनाच्या तीस वर्षांत ज्यांनी छडीला कधी स्पर्श केला नाही, त्यांनी स्नान घालणाऱ्या मावशींच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, हे कानी आले तेव्हा लज्जेने मला मान वर करवेना. संस्थेच्या दप्तरी आत्याबाईंच्या नावापुढे ‘हिंसक’ असा शेरा पडला. मावशींनी मात्र व्रण पदराआड लपवून म्हटले, “आधीचे दोन चावे मी सांगितलेच नव्हते, ताई, म्हातारीला बाहेर काढतील, नाहीतर गुंगीचं औषध देतील.”

पुढच्या स्नानाच्या वेळी मी हजर राहिले. दृष्टी अधू, कान मंद, स्मृती विझत चाललेली. अशा स्त्रीच्या पाठीमागून येऊन कोणी लुगड्याला हात घातला आणि डोक्यावर तांब्या ओतला, तर तिने परक्या हाताचा प्रतिकार करावा, यात हिंसा कसली? शिवाय त्यांचे गुडघे सुजलेले होते, आणि ठणका शब्दांत सांगण्याची शक्ती उरली नव्हती. नॉर्वेमधील 18 शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंशाच्या 352 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ वेदनेवर आठ आठवडे पद्धतशीर उपचार करताच, त्यांतही पुष्कळांना साधे पॅरासिटामॉल देऊनच, रुग्णांचा प्रक्षोभ सतरा टक्क्यांनी उतरला. बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा दाह, कातरवेळेची भीती, हीदेखील अशाच उगारलेल्या हातातून बोलतात.

म्हणून दप्तरात नोंद अवश्य व्हावी; परंतु ती फिर्याद म्हणून नव्हे, तर वेळ कोणती, आधी काय घडले, कोण कोठून आले, याची तपशीलवार कैफियत म्हणून. मावशींनी मार मुकाट्याने सोसणे हा सेवाधर्म नव्हे, आणि रात्रपाळीला बावीस वृद्धांमागे दोघीच ठेवणे हा बंदोबस्त नव्हे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांच्या निवासाची तरतूद आहे. खाटांबरोबर न्हाऊ घालणाऱ्या हातांचीही मोजदाद झाली पाहिजे.

डॉक्टरांनी स्नानापूर्वी अर्धा तास आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठी गोळी सुरू केली. मावशी समोर स्टुलावर बसू लागल्या, “बाई, पाय धुऊ का?” असे विचारून आधी पावलांवर कोमट पाणी सोडू लागल्या, आणि तांब्या त्यांनी आत्याबाईंच्याच हाती दिला. चौथ्या दिवशी आत्याबाई करारी स्वरात म्हणाल्या, “पाणी गार आहे गं.” मावशी लगबगीने बंब पेटवायला उठल्या.