विश्लेषण : शाई सोडणारा नकटा देवमासा, जेसीबी बोलावण्याआधी त्याचे दात तरी मोजा

कोकणात किनाऱ्यावर देवमासा वाहून आला की त्याचा व्हिडिओ एरंडोलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायला वेळ लागत नाही. खाली एक ओळ ठरलेली असते : 'याच्या उलटीला कोटींचा भाव!' ती उलटी नसते. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि ते बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण मेलेला प्राणी नेमका कोणता होता, हे व्हिडिओ पाठवणाऱ्याला माहीत नसते आणि बऱ्याचदा बातमी देणाऱ्यालाही नसते. नुकसान इथेच होते. देवमाशांच्या काही जातींबद्दल जगाला जे काही कळले, ते मुख्यतः अशा वाहून आलेल्या मृतदेहांवरूनच.

हा नकटा कोण?

स्पर्म व्हेलचे दोन बुटके नातेवाईक आहेत : पिग्मी स्पर्म व्हेल आणि ड्वार्फ स्पर्म व्हेल. शास्त्रज्ञ दोघांना मिळून 'कोगिया' म्हणतात. मोठ्या स्पर्म व्हेलचा नर पन्नास फुटांपर्यंत वाढतो. ड्वार्फ जेमतेम नऊ फुटांचा, पिग्मी त्याहून थोडा मोठा. जबडा खाली दबलेला आणि डोळ्यामागे कल्ल्यासारखी खोटी रेघ, त्यामुळे बघणाऱ्याला हा शार्कच वाटतो. घाबरला की आतड्यातल्या पिशवीतून लालसर तपकिरी द्रव सोडतो आणि त्या ढगाआड पसार होतो. ही युक्ती माकुळाची, आणि याचे मुख्य खाद्यही माकूळच.

ड्वार्फची ओळख जगाला झाली ती भारतातून. १८५३ मध्ये विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर मिळालेला नमुना मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर इलियट यांनी मिळवला. त्यावरून लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये या जातीला 'सायमस' हे नाव दिले. अर्थ, नकटा. पुढे अनेक शास्त्रज्ञांनी पिग्मी आणि ड्वार्फ एकच ठरवून टाकले. बरोबर शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेच्या चार्ल्स हँडली यांनी कवट्या आणि दात तपासून हे दोन वेगळे प्राणी असल्याचे दाखवले.

वाद तिथेही मिटला नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात अटलांटिकमधला ड्वार्फ आणि हिंदी-प्रशांत महासागरातला ड्वार्फ यांच्यात इतका फरक आढळला की त्या दोन स्वतंत्र जाती असू शकतात. तसे ठरले तर जुने नाव मूळ नमुन्याच्या प्रदेशाकडे, म्हणजे आपल्या समुद्रातल्या प्राण्याकडे राहील. म्हणून भारतीय किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोगियाचा नमुना मोलाचा आहे.

जिवंतपणी का दिसत नाही?

हा प्राणी खोल पाण्यात राहतो. वर आला तरी लाकडाच्या ओंडक्यासारखा निपचित तरंगतो. समुद्राला थोडी लाट असली की दिसतच नाही. आवाजावरून शोधावे तर त्याची टिकटिक सुमारे १३० किलोहर्ट्झची. माणसाचा कान २० वर थांबतो. किलर व्हेललाही एवढी उंच पट्टी नीट ऐकू येत नाही, त्यापासून लपण्यासाठीच हा आवाज असावा असे मानले जाते. तो टिपायला सेकंदाला किमान २ लाख ६० हजार नमुने घेणारे यंत्र लागते. गाण्याच्या सीडीसाठी ४४,१०० पुरतात. वर्षानुवर्षे आययूसीएनच्या लाल यादीत दोन्ही कोगियांपुढे 'अपुरी माहिती' असा शेरा होता, तो उगाच नाही.

मग उरतो किनारा. २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्ल्यू व्हेल आला, २०१६ मध्ये जुहूला ब्रायड्स व्हेल. एवढे मोठे धूड आले की अधिकारी, तज्ज्ञ, कॅमेरे सगळेच धावतात. आठ फुटांच्या प्राण्यासाठी कोण धावणार? 'डॉल्फिनसारखा मासा' अशी नोंद होते आणि जेसीबी खड्डा खणतो. ग्रामपंचायतीला दोष देऊन उपयोग नाही. कुजणारे प्रेत, दुर्गंधी, सेल्फीसाठी उसळलेली गर्दी, सगळे तिलाच निस्तरायचे असते. पण ओळख पटवायला लागतो अर्धा तास. एकूण लांबी, पाठीवरच्या पराची उंची आणि जागा, खालच्या जबड्यातल्या दातांची संख्या आणि बाजूने काढलेला स्वच्छ फोटो. ड्वार्फचा पर उंच आणि पाठीच्या मध्याजवळ, पिग्मीचा लहान आणि मागे सरकलेला. शिवाय नखाएवढा कातडीचा तुकडा अल्कोहोलमध्ये. पोट तपासता आले तर आणखी बरे. १९९३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला वाहून आलेल्या पिग्मीच्या पोटात प्लास्टिक निघाले होते. ते काढून, उपचार करून तिला पुन्हा समुद्रात सोडण्यात आले.

हे काम कुणीही उठून करायचे नाही. सर्व देवमासे कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, दात काढून घरी नेणे हाही गुन्हाच. नमुना वन विभागाच्या देखरेखीखाली पशुवैद्यकानेच घ्यायला हवा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वाहून आलेल्या सागरी जिवांबाबत २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या किनाऱ्यावरच्या वनरक्षकापर्यंत मराठीत पोहोचल्या पाहिजेत.

खान्देशाला याचे काय? एरंडोलवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ एका टोकाला हजिरा बंदराला आणि दुसऱ्या टोकाला ओडिशातील पारादीप बंदराला जातो, तेवढाच आपला समुद्राशी संबंध, असे वाटू शकते. पण डीएनए वाचायला समुद्र लागत नाही. कोगियांचे डीएनए क्रम 'जेनबँक'वर कुणालाही मोफत पाहता येतात. जळगावात जीवशास्त्र शिकणारी मुलगी अटलांटिकचा ड्वार्फ आणि हिंदी महासागराचा ड्वार्फ लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून फरक मोजू शकते. त्या यादीत कोकणातल्या नमुन्याची भर पडायची असेल, तर वन विभागाच्या गाडीत मोजपट्टी, हातमोजे आणि अल्कोहोलची एक बाटली ठेवावी लागेल.