धम्मलिपी संगणकात आली, विहारात कधी?

सम्राट अशोकाने आपल्या लेखांना ‘धम्मलिपी’ म्हटले. गिरनारच्या पहिल्याच लेखात हा शब्द कोरलेला आहे. पण २०१० साली युनिकोडने ही अक्षरे संगणकासाठी स्वीकारली ती ‘ब्राह्मी’ या नावाने. एकदा दिलेले अक्षरनाम बदलायचे नाही, असा युनिकोडचा नियम. म्हणजे नोंद कायमची! ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथातही ब्राह्मी हे नाव आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण अशोकाचा शब्द डावलला गेला, ही खंत आहेच.

युरोपातील प्राचीन रूनिक अक्षरांना ही जागा १९९९ सालीच मिळाली होती. आपली अक्षरे अकरा वर्षे मागे राहिली. आता फॉन्ट फुकट मिळतो. शिलालेखाचे नुसते छायाचित्र टाकले तर त्यातला शब्द शोधता येत नाही. अक्षरांत टंकला तर जगात कुठूनही सापडतो.

कार्ल्याला सामी नावाच्या सुताराचे दान कोरलेले आहे, कुड्याला माळ्याचे. कष्टकऱ्यांनी धम्म उभारला, याचा हा लेखी पुरावा. वकिलीत आम्ही रोज पाहतो, ज्याला कागद वाचता येत नाही त्याला समोरचा सांगेल तो अर्थ मानावा लागतो. नाशिकची बुद्धलेणी ‘पांडवलेणी’ झाली ती अशीच.

नावासाठी जरूर भांडू. पण आधी वाचायला शिकू. नेरसारख्या तालुक्याच्या गावी रविवारच्या वंदनेनंतर तासभर धम्मलिपीचा वर्ग चालवायला कोणाची परवानगी लागते? जय भीम!